पावणेदोन

जनता वसाहतीच्या चढाखाली आमची शाळा.
खिडकीतून पर्वतीचं देऊळ दिसत नाही,
दिसते कुणाच्या तरी पत्र्यावर वाळणारी गोधडी.
पाचवी ब. एकोणचाळीस पोरं, दोन गैरहजर.

फळ्यावर मी लिहिते :
नऊ छेद दहा अधिक सात छेद आठ.
पेन्सिली खाली, म्हणते. सोडवायचं नाही आज.
नुसतं बघून सांगा, साधारण किती?

साधारण हा शब्द त्यांना
गणिताच्या तासाला कुणी दिलेलाच नाही.
रेवण दप्तराआड लपून मांडतोच :
वरचे वर, खालचे खाली,
सोळा छेद अठरा. बाई, झालं!

मी फुली मारत नाही.
सायमाला विचारते, नळाला पाणी किती वाजता?
साडेपाच.
हंडे किती आणतेस?
दोन. पण काठोकाठ नाही भरत, डुचमळतं.
एक जवळजवळ भरलेला,
दुसरा त्याहून बोटभर कमी.
आणि वर नेऊन पिंपात ओतलेस, की?

ती बोलायला तोंड उघडते आणि थांबते.
फळ्याकडे बघते. सोळा छेद अठराकडे बघते.
म्हणजे एक हंडासुद्धा पुरता नाही.
मग रेवणला, जरा रागानंच :
एवढ्या पायऱ्या चढले मी,
बाकीचं पाणी सांडलं कुठं?

वर्ग हसतो. रेवणही, थोडा उशिरा.

मग सुटतात आवाज.
दोन! दोनाला कमी! पावणेदोन!
मागच्या बाकावरून कुणीतरी,
बाई, पावणे म्हंजे घरी येतात ते?
हो रे, तेच.
दोनाच्या घरी निघालेले,
पाव वाट उरलीय,
दार दिसायला लागलंय.

नंतर रीतसर लसावि काढतो आम्ही, चाळीस.
एकाहत्तर छेद चाळीस.
पावणेदोन, वर चिमूटभर.
चिमूट म्हणजे चाळिसातला एक,
प्रणोती सांगते, कुणी न विचारता.

घंटेला सात मिनिटं. एक वजाबाकी :
अकरा छेद बारा वजा चार छेद नऊ.
जवळपास अख्ख्यातून अर्ध्याच्या आतबाहेर काही.
रेवणचा हात काही ऐकत नाही. सात छेद तीन.
दोनाच्याही वर!
ओतला की वाढणारा हंडा, सायमा म्हणते,
बाई, हा मला घरी न्यायचाय.

दारात गाडेकर सर, कधीचे उभे कोण जाणे.
हे अंदाजपंचे दाहोदरसे वर्गात नको, मॅडम.
पेपरात अंदाजाला गुण नसतात.
खरं आहे त्यांचं.
तसा रकानाच नाही.

शनिवारी थांब्यावर वह्या तपासत बसते,
स्वारगेटची बस येत नाही म्हणून.
सायमाची उत्तरं नेटकी, खाली दुहेरी रेघ.
समासात काहीतरी खोडलेलं.
वही उजेडात तिरकी धरते :
२ ला कमी.
पुढच्या गणिताशेजारी : अर्ध्याच्या आत.
शिसं गेलंय रबरानं,
दाब राहिलाय कागदात.

रेवणनं तर खोडलेलंही नाही.
प्रत्येक उत्तराखाली,
त्याच्या वाकड्या अक्षरात :
पाणी सांडलं का बघ.