अंग टाकणे

मंगळवारी संध्याकाळी सहाला
नगरपालिकेच्या तलावात
आम्ही सातजण कमरेएवढ्या पाण्यात उभे असतो.
बगळ्यांसारखे म्हणावं,
तर बगळ्याला निदान माहीत असतं
आपण इथं का उभे आहोत ते.

बाहेर उणे एकोणीस. काचांवर वाफ.
आत क्लोरीनचा वास आणि साइमी,
आमची शिक्षिका, वय एकवीस,
माझ्या धाकटीहून लहान.

मी एकसष्ट.
चौतीस वर्षं कागद गिरणीत, यंत्र क्रमांक तीनवर.
ओल्या लगद्याचा कागद वाळत गेला,
मी फुगत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पुढं सरकवला,
खाणावळीत बिल सरकवतात तसा.
साखर. गुडघे. चौथा-पाचवा मणका.
"चालवत नाही ना, मग पोहा."
मी मान हलवली.
एवढ्या तळ्यांच्या देशात
पोहता येतं का, असं कुणी विचारतच नाही.

साउनात मी पन्नास वर्षं चारचौघांत नागडा बसतोय,
पोटाची लाज कधी वाटली नाही.
लाज त्याच्यानंतरची:
बाकीचे धक्क्यावरून धडाधड उड्या टाकतात,
मी शिडी धरून गुडघाभर उतरतो
आणि म्हणतो, पाणी गार आहे.
पाणी सगळ्यांनाच गार असतं.

मी चार वर्षांचा असताना
आईनं तळ्याकडची खिडकी लावून घेतली, कायमची.
थोरला भाऊ ताउनो. मार्चमधला पातळ बर्फ.
घरात याहून जास्त कुणी बोललं नाही,
मीही बोलणार नाही.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
म्हणणारे काठावर असतात.

पहिले तीन मंगळवार नाकातोंडात पाणी.
चौथ्याला गेलोच नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं.
गुडघा त्या दिवशी अगदी ठणठणीत होता.
पाचव्याला सिर्कानं गाठलं.
निवृत्त टपालवाली; पोहण्याचा पोशाख
डाव्या बाजूला सपाट बसतो,
ती तो तसाच बसू देते.
"कुठं होतास मागल्या वेळी?
तू नव्हतास तर सगळ्यांत वाईट मीच ठरले."

साइमी म्हणाली, आज हातपाय मारायचे नाहीत,
आज नुसतं अंग टाकायचं.

अंग टाकणं मला माहीत होतं ते
रात्रपाळीनंतर कोचावर कोसळण्याचं,
आइली बूट काढायची, मला पत्ता नसायचा.
जागेपणी कसं टाकतात?

तिनं माझ्या मानेखाली तळहात धरला.
"डोकं सोड. डोकं सगळ्यांत जड असतं."
पाय सोडले. कंबर सोडली.
पोट वर आलं, बेटासारखं, थोडं केसाळ.
डोकं सुटेना.
छतावर एक नळीदिवा फडफडत होता,
मी त्याच्या उघडझापी मोजू लागलो,
एक, दोन,
आणि कानांत पाणी शिरलं.
गिरणीचा भोंगा गेला. यंत्र तीन गेलं.
खिडकीमागून आई ओरडली, रायमो, मागं फिर,
तेही आलं
आणि गेलं.

तळहात केव्हाच काढलेला होता.
अकरा सेकंद, साइमी म्हणाली.

एकशे सव्वीस किलो.
हे वजन मी जिन्यांवरून वागवलं, बर्फातून वागवलं,
दोन अंत्ययात्रांत वागवलं.
अकरा सेकंद मला कुणीतरी वागवत होतं.
सिर्कानं टाळ्या पिटल्या, पाण्याखालीच,
ऐकू काही आलं नाही.

घरी जाताना दालचिनीचे दोन पाव घेतले.
दोन्ही खाल्ले, बसथांब्यावर, हातमोजे न काढता.
रात्री बोटाला सुई टोचली. आकडा वाईट.
डॉक्टरीणबाईंच्या वहीत साखरेच्या रकान्यात
तो खरा खरा लिहिला.

व्यायामाच्या रकान्यात
मिनिटं विचारली आहेत.
पेन धरून मी बराच वेळ बसलो.