तिसऱ्या दिवसाची कुपी

उणे ऐंशी. कप्पा चार, डबा एकोणीस.
बर्फाचा भुगा अंगठ्यानं पुसला
की खाली माझंच सतरा वर्षांपूर्वीचं अक्षर:
डावा गुडघा. स्त्री, वय १७. तिसरा दिवस.

नाव लिहायचं नसतं.
पण आकुरेरी केवढंसं गाव,
आणि त्या रविवारी हॉलमध्ये मीही होते,
हातात कागदी पेल्यातली कॉफी.
सोलरूननं उडी घेतली, बॉल सोडला,
उतरताना गुडघा आत वळला.
आवाज आला. फळी मोडल्यासारखा नव्हे,
त्याहून लहान. शेजारच्या खोलीत कुणी
दिव्याचं बटण बंद करावं एवढाच.
बॉल जाळ्यात होता.
तो गोल धरायचा की नाही
यावर बेकरीत अजूनही वाद होतो.

बुधवारी तिच्या गुडघ्यातून
दोन चमचे लालसर पाणी निघालं.
डॉक्टर एविंदुर समजावत होते:
निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी,
कुणाला काय ते मलाही ठाऊक नसणार.
तिनं सही केली नि एवढंच विचारलं,
मे महिन्यात खेळेन ना?

खेळली. पुढल्या मे महिन्यात.
अस्थिबंध नवा बसवला, टाके सुकले,
एक्स-रे धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ.
कागदावर मीच टाइप केलं: बरी.

म्हणतात, दुखणं हत्तीच्या पायानं येतं
आणि मुंगीच्या पायानं जातं.
हे उलटं निघालं. मुंगीच्या पायानं आलं,
आठ-नऊ वर्षं वाटेतच होतं,
आणि जायचं नावच नाही.
आधी टपालाची पिशवी जड वाटू लागली.
मग चर्चकडच्या पायऱ्या वाढल्या.
मग सकाळी पलंगाच्या कडेवर बसून
गुडघा सुटायची वाट बघणं,
गोठलेल्या गाडीचं दार उघडायची बघावी तशी.

या डिसेंबरात नवं यंत्र आलं.
अकरा वाजता उजाडलं तेव्हा
मी तिसऱ्या दिवसाची कुपी तळहातावर वितळवत होते.
संध्याकाळी आलेख आला.
कूर्चेचा चुरा. त्या बुधवारीच होता तिथे,
एक्स-रे स्वच्छ होता तेव्हा,
ती मे महिन्याचं विचारत होती तेव्हा.
सांध्यानं आपल्याच भिंती
आतून खरवडायला घेतल्या होत्या
आणि मी वरून लेबल चिकटवत होते, सरळ रेषेत.

त्याच आठवड्यात पाकिटंही फोडली.
फरक आहे, एविंदुर म्हणाले,
पण भिंगातून बघावा एवढाच.
मग टेबलावरच्या आकड्यांकडे बघत:
उतावळे होतो गं आम्ही.
गुडघ्यालाच बाशिंग बांधून बसलो होतो.
कुणी हसलं नाही. तेही नाही.

सोलरून गुरुवारी आली, टपालाचा कोट घालूनच.
मला काय मिळालं होतं?
मिठाचं पाणी, मी म्हटलं.
तिनं खिडकीबाहेर, फ्योर्डकडे पाहिलं.
ते काय, इथे फुकट मिळतं.
मग बराच वेळ गेला.
मग: औषध मिळतं तर?
मी आलेख काढला, दोन रेषा दाखवल्या,
एक निळी, एक करडी,
शेवटपर्यंत एकमेकींना जवळजवळ चिकटून.
तिनं दोन्हींवरून बोट फिरवलं. हं, म्हणाली.
सुटल्यासारखी की फसल्यासारखी,
मला सांगता येणार नाही.

कुपी बघू?
नियमात बसत नाही. तरी माझे हातमोजे दिले.
तिनं ती दिव्यासमोर धरली,
तळाशी उरलेलं गुलाबी, मटराएवढं.
हिला अजून काही कळलेलं नाही, म्हणाली,
आणि मी नाही म्हणाले नाही,
खरं तर हिलाच सगळ्यांत आधी कळलं होतं.

उरलेलं परत ठेवलंय. ओळ ड.
एप्रिलात मी निवृत्त होते;
बाल्दविनला माझं अक्षर लागत नाही,
म्हणून सगळे डबे पुन्हा लिहून काढते आहे.
काल एक नवीन आलं आहे: उजवा घोटा,
मुलगा, वय १५, घोड्यावरून पडला. पहिला दिवस.

सोलरून जाताना मी जिन्यापाशी उभी राहिले.
दुखरा पाय आधी, मग दुसरा, हात कठड्याला.
अकरा पायऱ्या. सवयीनं मोजल्या.
खालून तिनं वर न बघताच विचारलं,
तू होतीस ना तिथे?
धरायचा ना तो गोल?