डांबरगोळ्या

महाछाईच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
कोळंबी सोलायची ती शेड.
आम्ही पोचलो तेव्हा फरशी नुकतीच धुतलेली,
भिंतीवर नवी पाटी, चार भाषांत :
इथे कोणालाही जबरदस्तीने राबवले जात नाही.
मोन भाषेतल्या ओळीत एक अक्षर उलटं बसलं होतं.
वाचणाऱ्यांसाठी नव्हतीच ती.

मी दुभाषी. रोजावर बोलावतात.
फेन्ना दूरच्या एका सुपरमार्केटची माणूस,
तिच्या मांडीवर एकशे बारा प्रश्न.
ती विचारते, मी मोनमध्ये सांगते,
उत्तर येतं, ते तिच्यापर्यंत पोचवते.
माझं स्वतःचं त्यात काही मिसळायचं नाही.
तसा करार आहे, खाली माझी सही.

चान नोन समोर येऊन बसली.
बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरी, सुरकुतलेली,
एकविसाव्या वर्षी आजीची.
कामाचे तास? आठ.
सुट्टी? रविवारी.
कर्ज? नाही.
पासपोर्ट कोणाकडे असतो? माझ्याकडेच.
आणि काढून टेबलावर ठेवला,
न विचारता, गृहपाठ दाखवावा तसा.
दारात मुकादम नव्हता.
त्याच्या चपला होत्या.

पासपोर्ट फेन्नाकडे सरकवताना वास आला.
डांबरगोळ्यांचा.

माझाही आहे की पासपोर्ट,
सोळा वर्षं पोटाशी बांधून वागवलेला.
त्याला घामाचा वास येतो, थनाकाच्या लेपाचा,
एका बसमध्ये सांडलेल्या माशाच्या रश्श्याचा.
डांबरगोळ्यांचा वास येतो
कपाटात राहणाऱ्या वस्तूंना,
साहेबाच्या लग्नातल्या सुटाला.
दुसरीचा उघडला. तोच.
सातवीचा. तोच.

मग यादीत नसलेलं विचारलं मी :
हे सकाळी किती वाजता वाटले?

चान नोनने तोंडातली गुळणी
थुंकली नाही, गिळलीही नाही.
बर्फाची गाडी मागे येत पीं पीं करत राहिली.
त्या आवाजाआडून म्हणाली,
सहाला. संध्याकाळी परत द्यायचे.

काय म्हणाली, फेन्नाने विचारलं.
मी सांगितलं. माझा प्रश्नही सांगितला.

कर्ज बाहेर आलं रविवारी, विहाराच्या आवारात,
चपलांपासून दूर.
गावातला दलाल, सीमेवरचा दलाल, गाडीवाला,
डॉक्टरचा शिक्का.
सगळ्यांनी आधीच एकेक घास घेतलेला.
तीन वर्षं ती फेडतेय
आणि मुद्दल जागचं हललेलं नाही.
शेडच्या दाराला कुलूप का नव्हतं
ते तेव्हा कळलं.

पुढे फेन्नाच्या कंपनीत बैठक झाली म्हणे.
एक जण म्हणाला, ऑर्डर तोडा, हात झटका, दुसरी शेड बघा.
फेन्ना म्हणाली, हा भाव आपणच पाडून मागितला,
दलालाचे पैसे कोण भरणार ते तेव्हा कोणी विचारलं?
(हे तिनेच सांगितलं, अर्धवट थाईत,
आपल्या गोष्टीत माणूस थोडा उंच होतोच.)
ऑर्डर राहिली. किलोमागे भाव थोडा चढला.
दलालीचे पैसे परत येताहेत, हप्त्याहप्त्याने, तेवीस जणींना.
चौघी आधीच निघून गेलेल्या,
कुठे, ते कोणाच्याच वहीत नाही.
कपाट मी पाहिलं. रिकामं.
खालच्या फळीवर दोन गोळ्या, झिजून वाटाण्याएवढ्या.

मला एजन्सीने पुन्हा बोलावलेलं नाही.
करार तो करार.

परवा चान नोन बाजारात दिसली.
पासपोर्ट गच्चीवर उन्हात घालते म्हणाली, सुकट घालावी तसा,
आणि कावळा नेईल म्हणून शेजारी बसून राहते.
वास गेला का?
तू बघ, म्हणून तिने तो नाकापाशीच धरला.

गोळ्या होत्याच.
पण कडेला, जिथे अंगठा टेकतो तिथे,
कोळंबीचा वास लागला होता.