शेरा

मिरकरवाड्याच्या चढावर चिऱ्याचं घर, खोल्या पाच.
मालक इक्बाल फणसोपकर, कुवेतला.
गच्चीवरच्या टाकीतून पाच नळ्या खाली उतरतात
आणि गेल्या दिवाळीपासून प्रत्येकीच्या गळ्यात
एकेक पितळी मीटर, ताईत बांधल्यासारखा.

त्याआधी बिल डोक्यांवर वाटायचो.
मग डोकी कशी मोजायची यावरून भांडण.
गणपतीत आलेला मेव्हणा डोकं की पाहुणा?
बारा-बारा दिवस ट्रॉलरवर असतात
ते नेपाळी खलाशी अर्धे धरायचे का?
भाटकरीण म्हणाली, आमचं बाळ अर्धंच धरा.
लंगोट मात्र अख्खे वाळत होते दोरीवर.
शेवटी फोन आला कुवेतहून :
मीटर बसवतो, वाचायचे तुम्ही.
तुम्ही बंदर खात्यातले.

तीस वर्षं मी भरती वाचली आहे.
खांबावरचे आकडे, शेवाळाने निम्मे खाल्लेले,
पहाटे कंदील धरून, पुढे बॅटरी धरून.
छापील कोष्टक म्हणे पाणी इतकं येईल,
पाणी यायचं चार बोटं जास्त, कधी कमी.
फरकासमोर शेऱ्याचा रकाना होता,
त्यात साहेबांनी शिकवलेला एकच शब्द लिहायचा : वारा.

आता दर एक तारखेला न्हाणीमागे उकिडवा बसतो.
खाऱ्या हवेने मीटरची काच धुरकटते,
थुंकी लावून अंगठ्याने पुसतो.
माझे पाच पूर्णांक एक.
भाटकरांचे अकरा पूर्णांक चार. बाळ अख्खं निघालं.
खलाशांचे चौदा पूर्णांक सहा, डिझेल काय एका पाण्यात निघतं?
बँकेतल्या बिरादारचे सात पूर्णांक तीन.
आणि तीन नंबर, दर्शना मयेकर,
चार पूर्णांक दोन.

बेरीज बेचाळीस पूर्णांक सहा.
रस्त्यावरचा नगरपरिषदेचा मोठा मीटर म्हणतो, सेहेचाळीस.

नळी तपासली. चिऱ्यांच्या सांध्यात ओल नाही,
कुठे आगंतुक अळूसुद्धा उगवलेलं नाही.
टाकी वाहून जात नाही.
मग तीन हजार चारशे लिटर गेलं कुठे,
हे मला माहीत होतं.

मीटरला थेंब कळत नाहीत. त्याला धार लागते.
नळ इतकाच सोडायचा
की आतली चांदणी जागची हलणार नाही,
खाली पिंप ठेवायचं आणि झोपायचं.
सकाळी पिंप भरलेलं, आकडा तोच.
माझी उशी आणि तिची मोरी यांत एकच भिंत आहे.
टप्.
टप्.

दिवसभर कंपनीत कोळंबी सोलते ती,
बर्फातली. बोटांना भेगा.
तिच्या मोरीच्या तोंडाशी लिंबाच्या साली साचलेल्या असतात,
घासून घासून पांढऱ्या पडलेल्या.
वास जात नाही म्हणून दुसरी आंघोळ,
मुलीला नर्सिंगच्या क्लासला सोडायला जायचं म्हणून.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं का, तेही ठरवता आलं नाही.
खलाशी पोरं तर प्रत्येक युनिटचे पैसे मुकाट मोजतात.

रात्री वही घेतली.
फरक तीन पूर्णांक चार, दर वीस, अडुसष्ट रुपये,
भागिले पाच.
प्रत्येकी तेरा रुपये साठ पैसे.
शेऱ्याच्या रकान्यात हात आपोआप गेला.

सगळ्यांनी दिले. दर्शनानेही दिले,
वहीकडे न बघता, ओल्या नोटा.
फक्त बिरादार थांबला. लातूरचा पोरगा,
चहाचा कप विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालणारा.
बोट ठेवून म्हणाला, काका, नळीत वारा?
बंदरावर राहतोस बाबा, म्हटलं, असतो वारा.
तो हसला नाही.
म्हणाला, ज्याचा वारा त्याने भरावा.

बरोबर आहे त्याचं.

आज पुन्हा महिन्याची अखेर.
भिंतीपलीकडे पिंप सरकवल्याचा आवाज,
मग टप्.
मी कूस बदलतो, कानावर चादर घेतो.
सवय वाईट. कान मोजतोच.