प्रतिवादी क्रमांक चार

जिल्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझं मशीन.
त्याचा 'र' तेव्हाही अडकायचा,
म्हणून रेवाराम धकाते हे नाव
मला दोनदा मारावं लागे.
इतवारीतल्या कोष्ट्याचं पोरगं, कोट उसना,
बाह्या मनगटाच्या वर.
पहिलं वकीलपत्र छापून घेतलं, म्हणाला, पैसे नंतर.
नंतर तर्री-पोहे आले.

पहिला मोठा खटला नाग नदीकाठच्या बेचाळीस घरांचा.
स्थगिती मिळाली त्या दुपारी
बाया पातेलंभर चहा घेऊन थेट कोर्टात.
पट्टेवाल्यानं हाकललं,
मग त्यानंही कप घेतला.
त्याच घरांनी याला नगरसेवक केलं.

मग दर निवडणुकीला शपथपत्र माझ्याकडे.
एक लूना, बायकोच्या चार बांगड्या,
वडिलांचा हातमाग, बंद.
पुढल्या खेपेला प्लॉट.
मग वर्धा रोडवर प्लॉट, मग रकाना पुरेना,
वेगळा कागद जोडला.
हातमाग मात्र दरवेळी लिहायला लावायचा.

आमदार झाला. हिवाळी अधिवेशनात
आपल्याच गावात पाहुण्यासारखा फिरे,
काच खाली करून हात दाखवे.
मग दिल्ली. तिथं म्हणे हिंदीत भाषण करतो
आणि चिडला की, 'काहून बे?'
दिल्लीचं शपथपत्र कॉम्प्युटरवर झालं.
मला वाईट वाटलं नाही.
हे मी शपथेवर सांगत नाही.

यंदा मार्चमध्ये त्याच घरांतली सुलोचना निखारे आली,
उड्डाणपुलाविरुद्धचा दावा घेऊन.
घरं आता एकसष्ट.
मी 'रेवाराम' दोनदा मारलं
आणि मान वर केली तर समोर तोच,
कुण्या वकिलाच्या तेरवीहून परतताना, एकटा, घामाघूम.
बाकावर बसला. मशीनमधला कागद वाचू लागला.
सुलोचना पदर चावत उभी.

'कलम ऐंशीची नोटीस दिली का सरकारला?'
नाही दिली.
'मग दावा परत येते ना बे!
उपकलम दोनचा अर्ज जोड, तातडीचा. घे लिहून.'
आणि डोळे मिटून सांगत गेला,
स्वल्पविरामासकट,
चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात.
पुलाबद्दल एक शब्द नाही.

उठताना पहिल्या पानावर बोट ठेवलं.
'चौथा नंबर? माह्या आधी तिघं?'
एवढंच त्याला लागलं.