आठ दिवसांची चावी

सांगाडा सापडला तंत्रशाळेच्या गोदामात,
मोडक्या बाकांखाली, पोट उघडं,
पाठीवर खडूनं लिहिलेलं : बॅच ब, हात लावू नये.
पोरं त्याला हात लावूनच शिकली असणार,
रिव्हेट सगळे गुळगुळीत.

लायसँडर. बगळ्यासारखे उंच पाय,
शेताच्या तुकड्यावरही उतरायचं म्हणतात.
ब्रह्मदेशच्या लढाईला निघालेलं हे एक
सोनेगावला वाकडं टेकलं
आणि मग कुठंच गेलं नाही.

मी रिटायर फिटर. वाटलं, दोन वर्षांचं काम.
आता अकरावं चालू आहे.

उजवी स्लॅट लकडगंजात मिळाली,
आरागिरणीच्या छपराला पन्हाळ म्हणून.
चाकावरचं टोपण कळमन्यात,
त्यात रज्जाक सेठची कोंबडी अंड्यांवर बसलेली.
एकवीस दिवस थांबा, सेठ म्हणाला.
थांबलो. आधी पिल्लं निघाली, मग टोपण.
आत दिव्याची खोबण शाबूत,
खोबणीत एक पीस.

नऊपैकी आठ सिलिंडर होते.
नववं हिंगण्याला एका लेथवाल्याचं दार अडवून बसलेलं.
त्यानं पैसे घेतले नाहीत. दाराला दुसरं काही द्या, म्हणाला.
मी स्कूटरवर दगड नेला,
काट्यावर तोलून, तेवढ्याच वजनाचा.

कापडासाठी गोळीबार चौकात वामन पराते.
नमुना दाखवला, इंचाला धागे किती, पीळ किती.
त्यानं भिंगातून बघितलं, अंगठ्यानं चोळलं,
विचारलं, काठ कोणता?
पंखाला काठ नसतो, म्हटलं.
बिनकाठाचं तर मयतीला नेतात, तो पुटपुटला,
पण विणलं.
मे महिन्यात डोप चढवताना, डोळे चुरचुरत असताना,
डाव्या पंखाच्या शिवणीआड मला दिसली
बोटभर लाल करवतकाठी.
अजून कुणाला दाखवली नाही.
तपासणीच्या साहेबालाही नाही.

उरलं घड्याळ.

पॅनेलवर त्याची जागा, वाटीच्या बुडाएवढं भोक,
चार स्क्रू, तेही मी घासून ठेवलेले.
घड्याळ निघालं इंदोऱ्यात, यमुनाबाई गजभियेंच्या फळीवर,
मिठाच्या बरणीशेजारी.
नवरा सोनेगावला विमानं धुवायचा, हवा भरायचा,
सोमवारी घड्याळांना चावी द्यायचा.
लढाई संपली, साहेब गेले,
त्यानं हे एक डब्यात घातलं, वरून वांग्याची भाजी.
चावी आठ दिवसांची. बाई रोज देतात.
कायले रोज, मी विचारलं.
'मानसाले आठ दिसाचं एकदम जेवू घालत असतेत का?'

किंमत सांगितली. वाढवली.
गॅझेटातली जुनी नोंद वाचून दाखवली.
हे विमान जगात किती थोडी उरलीत तेही सांगितलं.
बाईंनी शांतपणे ऐकलं, चहा दिला, मग म्हणाल्या,
'बाप्पा, हे चालू हाय. तुयं बंद हाय.
चालत्यानं बंदाकडं कायले जाव?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा
रिकाम्या हातानं परतलो
आणि वाईट वाटलं नाही.

परवा इंजिन लावलं.
आधी खोकलं, मग धूर, मग नऊच्या नऊ बोलले.
कडुनिंबाचा पाला सगळा मागं उडाला,
वामन पराते टोपी धरून उभा.
मी सवयीनं वेळ बघायला गेलो.
भोक. आतमध्ये दोन वायरी आणि काळोख.

तिथूनच फोन लावला. आजी, किती वाजले?
त्या उठल्याचा आवाज, फळीपर्यंत सात-आठ पावलं.
'सवापाच.'
मग बराच वेळ काही नाही,
मला वाटलं फोन कटला.
'चालू झालं वाटते,' त्या म्हणाल्या.
'धर तसाच. आयकू दे.'

फोन इंजिनाकडे धरून उभा राहिलो, हात भरून येईपर्यंत.
घड्याळाचा विषय त्यांनी काढला नाही.
मीही नाही.