हातचा

रीगाहून साडेतीन तास.
शेवटच्या चाळीस किलोमीटरांत घरं कमी,
विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी जास्त.
त्यांची गणती दुसऱ्या खात्याकडे.
माझ्याकडे माणसं.

बॅगेत ओझोलपिल्सची पुढची वीस वर्षं,
एका पानावर मावलेली.
आकृती खाली निमुळती, वर रुंद,
भोवऱ्यासारखी.
ऑफिसात तिला अजून पिरॅमिड म्हणतात,
सवयीने,
जशा स्काइद्रीतेबाई अकरा मुलांच्या त्या इमारतीला
अजून माध्यमिक शाळा म्हणतात.

बैठक शाळेच्याच भोजनगृहात.
बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून
सगळं गाव.

मंत्रालयातून आलेला रेनार्स आधी बोलला.
परत येणाऱ्यांसाठी योजना आहे:
रोख रक्कम, घराला रंग,
परदेशात वाढलेल्या पोरांना लात्व्हियन शिकवायला
बाई.
पडद्यावर एक कुटुंब हसत होतं,
दात इथले वाटत नव्हते.

नोंदणी कारकून इल्गोनिस उठला, वही उघडली.
नोंदीत सहाशे चौदा.
मग खिशातून चिटोरं काढलं:
पाववाल्या गाडीच्या हिशेबाने
चारशेला दोन-तीन कमी.
"नोंद खोटी नाही हं," तो म्हणाला,
"उरलेले आयर्लंडमध्ये मशरूम खुडतात.
राहतात मात्र आईकडेच,
कागदावर."

कुणी हसलं नाही.
त्यांतल्या काहींच्या आया समोरच बसल्या होत्या.

मला दुसरीतली पाटी आठवली,
बेरजेच्या डोक्यावर बारीक अक्षरात हातचा.
पुढच्या घरात मिळवायचा
आणि मग पुसून टाकायचा.
आमचं सरकार गेली वीस वर्षं
हातचे नुसते लिहून ठेवतंय.
आणि हातातलं सोडून
पळत्याच्या पाठी.

अँतोनिना, वय एक्याऐंशी, हात वर न करता बोलली:
"बस शाळेची. शाळेला सुट्टी की बसला सुट्टी.
म्हणजे जून ते ऑगस्ट
आम्हाला आजारी पडायला मनाई.
एरवी ती बुधवारी दवाखान्याकडे जाते.
डॉक्टर येतो मंगळवारी."

माझ्याकडे सत्तावीस पानं होती.
सव्वीस मी उघडलीच नाहीत.

लिहून घेतलं:
बस घंटेवर नको, माणसांवर चालवा.
स्वयंपाकघर बंद करू नका,
अकरा मुलांसाठी पेटते ती भट्टी
साठ म्हाताऱ्यांचं सूपही उकळेल.
वरचा मजला थंड राहू द्या, हरकत नाही.
खालचा गरम ठेवा.

रेनार्सने गाडीपाशी गाठलं.
चांगला मुलगा, बूट चिखलात.
"याने लोकसंख्या वाढेल?"
नाही.
"घट मंदावेल तरी?"
बहुधा नाही.
"मग वर काय लिहू? काय होईल याने?"

मंगळवारी डॉक्टर भेटेल.

त्याने ते लिहिलं नाही.
मी लिहिलं,
आणि घट हा शब्द पहिल्या ओळीत ठेवला,
उपाय म्हणून नव्हे,
हवामान म्हणून.
बर्फ पडतो तेव्हा आपण
बर्फाला परत जायला पैसे देत नाही,
फावडी वाटतो.
हे वाक्य वरिष्ठांनी काढलं.

नोव्हेंबरात मंजुरी आली.
सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर,
सुट्टीतही धावणारी,
दर गुरुवारी.

गुरुवारी.
मी फोन लावला, माफी मागायला.
पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं,
भट्टी पेटलेली असावी.
अँतोनिना म्हणाली,
"बस आली ना? बास.
डॉक्टरला सांगू गुरुवारी यायला.
तो एकटा आहे,
आम्ही साठ."